बाणाची खाच

मराठीत ‘पुंखानुपुंख’ असा एक मोठा रुबाबदार शब्द आहे. एखाद्या विषयाची बारीकसारीक माहिती एकामागून एक, कोठेही खंड न पडता दिली म्हणजे ती पुंखानुपुंख झाली असे आपण म्हणतो. आम्ही तर इतिहासाच्या तासाला हा शब्द इतक्या वेळा उच्चारतो की मागच्या बाकावरची मुले त्याची मोजदाद ठेवतात असा आमचा संशय आहे. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, पुंख म्हणजे काय?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ होते. पुंख म्हणजे बाणाचा मागचा, पिसे लावलेला भाग. जो धनुष्याच्या दोरीला टेकतो तो. एका बाणाच्या पुंखामागे लगेच दुसऱ्याचे पुंख, त्यामागे तिसऱ्याचे, अशी बाणांची रांग लागावी तशी ती माहिती. आम्ही उत्साहाच्या भरात कालिदासालाही वर्गात आणले. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीप राजा सिंहाला मारण्यासाठी भात्यातला बाण उपसू लागतो, तेव्हा त्याची बोटे पुंखालाच चिकटून राहतात आणि राजा चित्रातल्यासारखा उभा राहतो. वर्ग खूश झाला. ती मुलगी मात्र बसली नाही. “पण सर, दोरी त्या पुंखावर राहते कशी?” आम्ही म्हणालो, “तिथे खाच असते.” ती म्हणाली, “मग दोरीच्या जोराने ती खाच फाटत नाही?”

“उद्या पाहू,” असे आम्ही म्हणालो. तो उद्या पुढे दोन वर्षे चालला. त्याचा हा वृत्तांत आहे.

आमच्या कोरगावात धनुष्यबाण ही काही पुराणातच राहिलेली वस्तू नव्हे. भात कापून झाले आणि मळे रिकामे पडले, की चिव्याची कांब वाकवून सुतळी बांधलेली धनुष्ये आणि माडाच्या झावळीचे हीर घेऊन पोरे बांधावरून धावत सुटतात. हिराच्या बाणाला खाच नसते, असली तरी नखाने केलेली असते, आणि तो दहा पावलांवर जाऊन पडतो. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु शालेय क्रीडास्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ नावाचा एक प्रकार असतो, हे मोठ्या मुलांच्या कानावर आले आणि त्यांना खरे धनुष्य व खरा लाकडी बाण हवासा वाटू लागला. कार्यानुभवाच्या तासाला खडूचे डबे आणि फुलदाण्या करून तीही कंटाळली होती. खरे सांगायचे तर आम्हीही कंटाळलो होतो.

काडी कसली घ्यावी याचा फार खल करावा लागला नाही. गावातल्या मेस्तांनी शिवणीची सरळ फळी काढून दिली. शिवण हलकी, आणि वाळल्यावर फारशी वाकत-पिळत नाही. म्हणून वाद्ये करणारेही तिला मानतात. फळीच्या चौकोनी काड्या पाडून, त्यांचे कोन मारून, शेवटी काचकागदाने आठ मिलिमीटर जाडीच्या गोल काड्या झाल्या. पिसे कोंबड्याची, तीही घरोघरची. टोकाला अणकुचीदार काही लावायचे नाही, गोल लाकडी बोंडच लावायचे, असा नियम आम्ही पहिल्याच दिवशी घातला. मुलांचे, आणि आमचेही, सारे लक्ष बाणाच्या पुढच्या टोकाकडे होते, कारण भय तिकडूनच असते असे सर्वांना वाटते.

याच सुमारास नववीतल्या एका मुलाने जत्रेत विकत घेतलेला एक बाण घरच्या परसात ओढला. तो बाण खाचेतून उभा उकलला. त्याचा एक भाग पुढे गेला, दुसरा मुलाच्या डाव्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे आत शिरला, आणि दोरी रिकामी सुटल्यामुळे धनुष्यालाही तडा गेला. आरोग्यकेंद्रात कुसळ काढून टाके घातले, हात बरा झाला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. पदराचा शेव बोटाला गुंडाळीत ती एवढेच म्हणाली, “मास्तर, भुरग्याचो दोळो गेल्यार?”

कोकणी ही आमची मायबोली असल्यामुळे त्या चार शब्दांचा मराठीत अर्थ लावण्याची सवडही आम्हांला मिळाली नाही. डोळा गेला असता तर काय, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची मुदत दिली: एक तर हा खेळ बंद करा, नाहीतर बाण मागून फाटणार नाही याची खात्री पटवा. बंद करणे सोपे होते. पण शाळेने बंद केल्याने परसातले बाण बंद होणार नव्हते, हेही दिसतच होते. आम्ही मुदत वाढवून घेतली आणि त्या मुलीचा दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न फळ्यावर लिहिला.

लाकूड का फाटते हे कोणाही मेस्ताला ठाऊक असते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने गेलेले असतात; आडवे तोडायला करवत लागते, उभे फाडायला एक पाचर पुरते. खाचेत बसलेली दोरी ही एक पाचरच होय. बाण सुटताना धनुष्याचा सगळा जोर एका क्षणात त्या खाचेच्या तळाशी येतो आणि दोन्ही बाजूंचे लाकूड दूर सारू पाहतो. तेव्हा पहिला प्रश्न पदार्थाचा नाहीच, दिशेचा आहे. काडीच्या टोकावर पाहिले तर झाडाच्या वाढीच्या कड्या बारीक रेघांसारख्या दिसतात. खाच त्या रेघांना समांतर घेतली तर दोरीला आयतीच वाट मिळते. रेघांच्या काटकोनात घेतली तर दोरीला एकेक थर फोडावा लागतो. जत्रेतल्या त्या बाणाचे तुकडे आम्ही मुलांना दाखवले. खाच रेघांना बरोबर समांतर होती. ज्याने केली त्याला घाई असावी, किंवा जत्रेतला बाण कोणी खरोखर ओढील असे त्याला वाटले नसावे.

खाच योग्य दिशेने घेतली, तरी तेवढ्याने आईच्या प्रश्नाचे उत्तर होत नव्हते. तिला बळकटी हवी होती, आणि बळकटी कशाची द्यावी यावर आमच्या वर्गात जेवढी मते होती तेवढी ग्रामसभेतही नसतील. आम्ही ठरवले की वाद घालण्यापेक्षा परीक्षा घ्यावी. काडी मेस्तांच्या शेगड्यात उभी आवळायची, खाच वर. खाचेत धनुष्याचीच दोरी घालून तिची दोन्ही टोके खाली सोडायची, त्यांना बादली टांगायची आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतीत जायचे. काडी फाटली की ओतणे थांबवायचे. सगळ्यांनी चार हात लांब उभे राहायचे. सुटणाऱ्या बाणाचा धक्का वेगळा आणि बादलीचा स्थिर भार वेगळा, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हांला बजावले, आणि ते बरोबर होते. पण कोण आधी आणि कोण नंतर, एवढे तरी त्यातून कळणार होते.

रेघांना समांतर खाच घेतलेली काडी अपेक्षेप्रमाणे सर्वांत आधी गेली. आडव्या खाचेची पुष्कळ वेळ टिकली आणि मग एकदम गेली. तिसरी होती दोऱ्याने आवळलेली.

दोऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. खाचेच्या तळाच्या लगेच खाली बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी असा दोऱ्याचा पट्टा गुंडाळायचा. कोणी नायलॉनचा आणला, कारण जाळ्याला तो चालतो तर बाणाला का चालू नये? पण नायलॉन गुळगुळीत, डिंक त्याला धरत नाही, आणि ताणला की तो लांबतो. दोन दिवसांत वेढे सैल पडले. एकाच्या आजोबांनी केवणीच्या सालीचा वाख दिला, ज्याची मुरुडशेंग आपण औषधाला वापरतो तिचाच. वाख मजबूत, पण बारीक वळला नाही तर उंचवटा होतो आणि धनुष्याच्या मुठीवरून जाताना घासतो. रेशमाचा दोरा सर्वांत सुरेख बसला. त्याचा खर्च मात्र सुरेख नव्हता. शेवटी साधा सुती दोरा, चांगला पिळाचा, हाच पत्करला. सुताला डिंक पिता येतो. वाळल्यावर दोरा आणि डिंक मिळून लाकडाभोवती एक कडेच तयार होते.

गाठ कोठे मारावी हे आम्हांला हरमलच्या एका रापणकाराने शिकवले. आम्ही मारलेली गाठ पाहून तो हसला आणि म्हणाला, “मास्तर, गांठ भायर दवरूं नाकात.” दोऱ्याचा एक फास आधी काडीवर आडवा ठेवायचा, त्याच्यावरून वेढे घ्यायचे, शेवटचे टोक त्या फासात ओवायचे आणि फासाचे दुसरे टोक ओढले की शेवट वेढ्यांच्या पोटात नाहीसा होतो. बाहेर गाठ नाही, सुटायला टोक नाही. दोरखंडाचे टोक उसवू नये म्हणून होडीवाले हेच करतात. मुलांना ही युक्ती इतकी आवडली की पुढचा आठवडाभर शाळेतल्या छत्र्यांच्या दांड्या, पट्ट्या आणि पेन्सिली दोऱ्यांनी आवळलेल्या दिसत होत्या.

असो. दोऱ्याने आवळलेली काडी बादलीखाली फाटली, पण चीर खाचेच्या तळापासून निघून दोऱ्याशी येऊन थांबली. काडीचे दोन तुकडे झाले नाहीत. म्हणजे दोरा चीर पडू देत नाही असे नाही. पडलेल्या चिरेला तो पुढे जाऊ देत नाही. आमच्या मते हा शोध मोठा होता, कारण हाताला जी इजा होते ती चीर पडल्याने नव्हे, बाणाचे दोन भाग झाल्याने होते. तरीही चीर पडलेला बाण वाया गेलाच. चीर मुळात पडूच नये यासाठी खाचेच्या आत काहीतरी हवे होते.

हे काहीतरी काय असावे हे फार लांबच्या एका बुडालेल्या जहाजाने सांगितले. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोझ’ नावाचे जहाज १५४५ साली पोर्ट्‌समथजवळ बुडाले आणि १९८२ साली ते वर काढले गेले. त्याच्यावर शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. त्या बाणांच्या मागच्या टोकाला खाचेच्या काटकोनात एक बारीक, लांबट चीर मुद्दाम कापलेली आहे. तिच्यात शिंगाची पातळ पट्टी बसवीत आणि मग त्या पट्टीला छेदून खाच घेत, म्हणजे दोरी लाकडावर न टेकता शिंगावर टेके. चार शतकांहून अधिक काळ पाण्यात राहून शिंग बहुतेक नाहीसे झाले, त्याची जागा तेवढी लाकडात राहिली. योगायोग असा, की त्याच १५४५ साली रॉजर ॲस्कम नावाच्या एका विद्वानाने धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक छापले. त्यात बाणाच्या काडीसाठी पंधरा जातींची लाकडे त्याने गणली आहेत. हाच ॲस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला आणि शाळामास्तरांविषयीही त्याने एक पुस्तक लिहिले. मास्तराने बाणांच्या भानगडीत पडावे की नाही, अशी शंका शिक्षकांच्या खोलीत ज्यांनी घेतली होती त्यांना आम्ही हे मुद्दाम ऐकवले.

आता शिंग कोठून आणावे? वर्गात हा प्रश्न निघताच एक मुलगा उत्साहाने म्हणाला, “सर, आमच्या ओळखीच्यांच्या माळ्यावर गव्याचे शिंग आहे!” पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होता, आणि त्या सावंतवाडीत म्हशीच्या व गव्याच्या शिंगांपासून दिवाणखान्यात ठेवायच्या सुबक वस्तू घडवीत असत, याच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत आहेत. तेव्हा जुन्या माळ्यांवर असे एखादे शिंग निघाले तर नवल नाही. परंतु गवा हा आज गोव्याचा राज्यप्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला आणि शिंगांच्या व्यवहाराला बंदी आहे. ते शिंग शाळेत येणार नाही, आणि ज्यांचे आहे त्यांनी वनखात्याला विचारावे, असे आम्ही सांगितले. मुलगा हिरमुसला. एका खाचेला लागते ते केवढेसे, सर, असे तो म्हणाला. केवढेसे लागते हा त्याचा हिशेब बरोबर होता. आमचे उत्तर त्यामुळे बदलले नाही.

मग करवंटी पाहिली. आमच्याकडे कोकणीत तिला कट्टी म्हणतात आणि ती घराघरांत फुकट. करवंटी कठीण खरी, परंतु ती बाकदार. घासून सपाट करीपर्यंत पट्टी बोटाच्या पेराएवढीही उरत नाही, आणि बादलीचा भार येताच ती काचेसारखी टचकन तुटली. कठीण आणि चिवट यांत केवढे अंतर आहे ते त्या आवाजाने सर्वांना कळले.

त्यानंतर एका मुलीने घरून मोडकी फणी आणली. काळ्या शिंगाची, म्हशीच्या शिंगाची, पणजीच्या वेळची. दात अर्धे गेलेले, पण पाठ शाबूत. ती फणी आम्ही भिंगाखाली पुष्कळ वेळ पाहिली. फणी करणारा कारागीर शिंगाचे तंतू दातांच्या दिशेने ठेवतो, नाहीतर पहिल्याच गुंत्यात दात मोडतील. म्हणजे फणीच्या पाठीत तंतू आडवे पडतात. पाठीची लांब पट्टी कापून ती काडीत उभी बसवली, की तिचे तंतू आपोआप काडीच्या तंतूंना काटकोनात येतात; दोरी ज्या दिशेने फाडू पाहील तिकडे वाटच नाही. आम्हांला जे हवे होते ते कोणा अज्ञात कारागिराने केसांसाठी करून ठेवले होते. एक अडचण होती. तीन पिढ्यांचे खोबरेल पिऊन ती पाठ इतकी तृप्त झाली होती की डिंक तिला शिवेना. साबण-सोड्याने धुऊन, काचकागदाने खरखरीत करून, एरल्डाइट लावल्यावर ती बसली. फणीतून पाच पट्ट्या निघाल्या. पंचवीस मिलिमीटर लांब, अडीच जाड. फणीचे उरलेले दात त्या मुलीने परत नेले, आजीने मागितले होते म्हणून.

शिंगाच्या काडीला बादली काठोकाठ भरली तरी काही झाले नाही. शेवटी दोरी तुटली आणि पाण्याने सर्वांचे पाय भिजले. वर्गाने एवढा आनंद दहावीच्या निकालालाही केला नसता.

पण पाच पट्ट्यांवर तीस मुलांचे काम भागत नाही, आणि सगळ्या गावातल्या आज्यांच्या फण्या मोडण्याची वाट पाहणे शिष्टपणाचे नव्हे. फणीने शिकवलेली गोष्ट मात्र घेता येत होती. मेस्तांकडे शिसवीचे तुकडे पडलेले असतात. त्यांतून तंतू आडवे येतील अशा पातळ पट्ट्या काढल्या. नुसत्या हाताने त्या बिस्किटासारख्या मोडत, पण काडीच्या चिरेत डिंकाने बसल्यावर बादलीखाली शिंगाच्या जवळ-जवळ टिकल्या. दुसरा पदार्थ गावातल्या वायरमनने दिला: जुन्या विजेच्या बोर्डाची तपकिरी बॅकेलाइटची फळी. बॅकेलाइट हे लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली शोधलेले कृत्रिम राळेचे द्रव्य. बोर्डाच्या फळीत कागदाचे किंवा कापडाचे थर त्या राळेत दाबलेले असतात, त्यामुळे तिला उभे-आडवे असे काही नसतेच आणि ती कोणत्याही दिशेने सहजी उकलत नाही. बळाच्या दृष्टीने ती सर्वांत निर्धास्त. मात्र ती घासताना जी धूळ उडते ती छातीला वाईट. ओली करून घासावी लागते आणि नाकातोंडाला फडके बांधावे लागते. मुलांच्या हाती ते काम देण्याचे आमच्या जिवावर आले. म्हणून आम्ही ठरवले ते असे: मुलांनी करायच्या बाणांना शिसवीची आडवी पट्टी आणि खाली सुती दोऱ्याचा पट्टा, दोन्ही, एक नसेल तर बाण भात्यात जाणार नाही. शिंगाच्या पाच काड्या स्पर्धेसाठी. बॅकेलाइट शिक्षकांच्या कपाटात.

डिंकाविषयीही एक निर्णय करावा लागला. जुन्या पद्धतीचा सरस लाकडाला उत्तम धरतो. परंतु आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनपासून वहीची पाने सुद्धा मऊ पडतात, तेथे ओलीने नरमणारा सरस टिकायचा नाही. दोऱ्यावर व्हार्निशचे दोन हात दिले आणि बाण माळ्यावर, धुराच्या बाजूला टांगले.

त्या मुलाच्या आईला आम्ही बादलीची परीक्षा पाहायला बोलावले होते. ती आली, पाहिले, दोऱ्याच्या पट्ट्यावरून नख फिरवून गाठ शोधली आणि तिला ती सापडली नाही. मग तिने विचारले की हे बाण रोज तपासणार कोण. आम्ही तेव्हाच ठरवले, ते आजतागायत चालू आहे: प्रत्येक बाण ओढण्यापूर्वी खाचेवरून कापसाचा बोळा फिरवायचा. कुसळ उभे असेल तर कापूस अडकतो. मग काडी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवायची आणि कान देऊन ऐकायचे. कापूस अडकला किंवा करकर ऐकू आली, की बाण तिथेच गुडघ्यावर मोडायचा. उद्या दुरुस्त करू म्हणून ठेवायचा नाही. तिचा मुलगाच आता हे काम पाहतो आणि तो मुळीच दयामाया दाखवीत नाही. मोडलेल्या काड्या शाळेच्या बागेत चवळीच्या वेलांना आधार म्हणून लावल्या जातात. यंदा अशा नऊ काड्या लागल्या आहेत, आणि चवळी बरी आली आहे.